खांबावरचे मीठ कोण मोजणार?

कोकण किनाऱ्यावर दरवर्षी जूनच्या आरंभी एक प्रकार घडतो आणि लोकांच्या तो इतका अंगवळणी पडला आहे की, त्याविषयी तक्रार करावी असेही कोणास वाटत नाही. मृगाचा पहिला शिडकावा होतो. पाऊस म्हणावा इतकाही तो नसतो. वारा पडलेला असतो, एकही झाड मोडलेले नसते, आणि तरीही दिवे जातात. संध्याकाळी खांबाखालून जाणाऱ्यास वर चरचर ऐकू येते. अंधार पडला की तारेच्या आधाराशी निळसर ठिणग्या खेळताना दिसतात. मग केव्हातरी मोठा आवाज होतो आणि फीडर बंद पडतो. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर उत्तर एकाच शब्दाचे असते: ‘पावसामुळे’. वस्तुतः अशा वेळी पाऊस हे केवळ निमित्त असते. कारण असते ते गेल्या पावसाळ्यानंतरच्या सात कोरड्या महिन्यांत खांबावर साचत आलेले मीठ.

किनाऱ्यावर वीज जाते ती प्रत्येक वेळी मिठामुळेच, असा याचा अर्थ नव्हे. तारांत घुसलेल्या फांद्या, जीर्ण वाहिन्या, अपुरी रोहित्रे ही कारणे आहेतच आणि त्यांची चर्चाही होते. मिठाची होत नाही, कारण मीठ दिसत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा कोसळलेले खांब गावोगाव रस्त्यांवर पडलेले होते. ते मोजता आले, त्यांची छायाचित्रे आली, मंत्र्यांचे दौरे झाले. उभ्या खांबावरच्या मिठासाठी कोणी दौरा काढत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात समजून घेतली पाहिजे, कारण या प्रश्नाचे राजकारण त्या तांत्रिक बाजूतच दडलेले आहे. विजेची तार लोखंडी खांबावर थेट टेकवता येत नाही. मध्ये चिनी मातीचा, काचेचा अथवा अलीकडे पॉलिमरचा विद्युतरोधक लागतो. वायरमन त्यास सरळ इन्सुलेटर म्हणतात आणि उच्चदाबाच्या मनोऱ्यावर लोंबणाऱ्या माळेतील एकेका वाटीस डिस्क. चिनी माती वीज वाहून नेत नाही. परंतु तिच्या पृष्ठभागावर बसलेला थर नेऊ शकतो. दुपारचे खारे वारे समुद्राचे बारीक तुषार आत आणतात, त्यातले पाणी उडून जाते आणि मिठाचे कण त्या वाट्यांवर बसतात. कोरडे असेपर्यंत ते निरुपद्रवी असतात. त्यांस ओल मिळाली, मग ती थंडीतल्या दहिवराची असो, धुक्याची असो वा मृगाच्या शिडकाव्याची, की तो थर विरघळतो आणि पृष्ठभागावरून वीज झिरपू लागते. या गळती प्रवाहाच्या उष्णतेने थराचे काही पट्टे सुकतात. सुकलेल्या पट्ट्यावर सगळा दाब एकवटतो आणि ठिणगी त्यावरून उडी मारते. बहुतेक ठिणग्या विझतात. एखादी मात्र लांबत लांबत तारेपासून खांबापर्यंत पोचते. त्यासच फ्लॅशओव्हर म्हणतात. वर ऐकू आलेला मोठा आवाज तो हाच.

येथे एक विपरीत गोष्ट ध्यानात येते. ज्या मुसळधार पावसास दोष दिला जातो तोच खरा मित्र आहे, कारण तो वाट्या धुऊन काढतो. (डिस्कच्या खालच्या, खाचा असलेल्या बाजूस तोही पुरता पोचत नाही.) घातक असते ती थोडी ओल. जपानमध्ये २०१८ साली याचा लख्ख प्रत्यय आला. ३० सप्टेंबरला आलेल्या चोविसाव्या क्रमांकाच्या वादळाने टोकियोच्या परिसरात जोराचा वारा आणला, पण मीठ धुऊन जाईल इतका पाऊस आणला नाही. वादळ निघून गेले, आणि पाच दिवसांनी, ५ ऑक्टोबर रोजी, खारावलेल्या विद्युत सामग्रीवर ठिणग्या उडू लागल्याने टोकियो व चिबा यांना जोडणाऱ्या केइसेई रेल्वेची सारी वाहतूक बंद करावी लागली. वादळ केव्हाच ओसरले होते. मीठ मात्र जागच्या जागी होते.

हे मीठ मोजता येते काय? येते, आणि तेही अगदी साध्या साधनांनी. डिस्क खाली उतरवायची, ठराविक मापाच्या शुद्ध पाण्यात कापूस भिजवून तिचा पृष्ठभाग पुसून काढायचा, कापूस पुन्हा त्याच पाण्यात पिळायचा आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजायची. तापमानाची दुरुस्ती करून त्या वाहकतेवरून किती मिठाइतका थर बसला होता याचे गणित मांडता येते आणि त्यास पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागले की दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम मीठ, हा आकडा हाती येतो. समजा, ३०० मिलिलिटर पाण्याने ८०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग धुतला आणि त्या पाण्याची वाहकता २० अंश तापमानास दर सेंटिमीटरला ५०० मायक्रोसीमेन्स भरली. तर त्यात सुमारे ८२ मिलिग्रॅम मीठ उतरले आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.१० मिलिग्रॅम. उरलेले पाणी गाळणकागदातून काढून कागद वाळवला व तोलला की न विरघळणाऱ्या धुळीचे वजन कळते. तेही महत्त्वाचे असते, कारण धूळ ओल धरून ठेवते. चिऱ्याच्या खाणी आणि २०११ पासून रेंगाळलेले मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण यांच्या कृपेने कोकणात तिचा तुटवडा नाही.

०.१ मिलिग्रॅम हा आकडा क्षुल्लक वाटेल. अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीत मात्र त्याच्या पुढे ‘भारी’ प्रदूषणाची सीमा सुरू होते. एका सर्वसाधारण डिस्कचे वरखालचे क्षेत्रफळ सुमारे दीड हजार चौरस सेंटिमीटर धरले आणि २२० किलोव्होल्टच्या माळेत चौदा डिस्का धरल्या, तर सबंध माळेवर मिळून मीठ भरते दोन ग्रॅम, चहाच्या चमच्याचा साधारण तिसरा हिस्सा. एवढ्या मिठाने एका जिल्ह्यास वीज पुरवणारी वाहिनी धोक्याच्या वर्गात जाते.

आणि या वर्गवारीवरच तर सगळी उभारणी अवलंबून असते. तारेपासून खांबापर्यंत रोधकाच्या पृष्ठभागावरून, त्याच्या साऱ्या खाचाखोचांतून मोजलेली वाट किती लांब असावी हे प्रदूषणाच्या पातळीवरून ठरते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९८६ साली घालून दिलेल्या आणि अजूनही अभियंत्यांच्या तोंडी असलेल्या मापात हलक्या प्रदूषणास दर किलोव्होल्टला १६ मिलिमीटर, मध्यमास २०, भारी प्रदूषणास २५ आणि अतिभारी प्रदूषणास ३१ मिलिमीटर वाट लागते. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीचा कमाल दाब २४५ धरतात. म्हणजे हलक्या प्रदेशात ३.९२ मीटर वाट पुरेशी, तर लाटांचे तुषार थेट पोचतात तेथे सुमारे ७.६० मीटर हवी. फरक जवळपास दुपटीचा आहे. विदर्भातल्या माळरानास चालणारी माळ गुहागरला टांगली तर ती पडणार नाही. ती फक्त वर्षातून काही रात्री आपले काम करणार नाही. त्याच आयोगाने हलक्या प्रदूषणाचा प्रदेश समुद्रापासून निदान दहा ते वीस किलोमीटर दूर असावा, असे म्हटले होते. डहाणूपासून रेडीपर्यंतच्या पट्टीतली किती गावे या अटीत बसतात, हे नकाशा उघडला तरी दिसेल. राज्यास वीज देणारी तारापूर, अंजनवेल, जयगड ही केंद्रेदेखील समुद्राच्या काठीच उभी आहेत. मुंबई-पुण्याकडे निघालेल्या वाहिन्यांचा पहिला प्रवास मिठातून होतो.

परंतु समुद्र जवळ आहे एवढे पाहून भागत नाही. एखाद्या गावापुढे डोंगराची भिंत असते, एखादे उपकेंद्र थेट खाडीच्या तोंडाशी वाऱ्यात उघडे पडलेले असते. दोघांचे अंतर सारखेच, मीठ मात्र सारखे नसते. म्हणूनच मोजणीस पर्याय नाही. त्यासाठी चालू वाहिनीच्या मनोऱ्यावर चढण्याचीही गरज नाही. उपकेंद्राच्या आवारात, हात पोचेल अशा उंचीवर, वीजप्रवाह न दिलेली नमुन्याची माळ टांगतात. तिची एक डिस्क दरमहा, दुसरी तीन महिन्यांनी, तिसरी सहा महिन्यांनी, चौथी वर्षाने धुऊन पाहतात. चार दिशांना फटी ठेवलेल्या उभ्या नळ्या आणि त्यांखाली बाटल्या, असेही एक साधन आहे. कोणत्या दिशेच्या वाऱ्याने किती मीठ आणले हे त्यावरून समजते. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळ कूबर्गच्या किनाऱ्यावर तेथील सार्वजनिक वीजमंडळाने अशा अभ्यासासाठी स्वतंत्र कसोटी-केंद्रच उभारले. आपल्याकडे बंगळूरला १९६० साली स्थापन झालेली केंद्रीय विद्युत संशोधन संस्था आहे, आणि उत्तर भारतात हिवाळी धुक्याच्या रात्री वाहिन्यामागून वाहिन्या बंद पडू लागल्या तेव्हा प्रदूषणाचे नकाशे तयार करून चिनी मातीच्या जागी पॉलिमरचे रोधक बसवण्यात आले. ज्ञान देशात आहे, उपकरण तर तालुक्याला आहे. ज्या वाहकतामापकाने खारभूमीच्या मातीचा खारेपणा तपासला जातो तोच येथे लागतो. मातीपरीक्षणाच्या कोणत्याही प्रयोगशाळेत तो मिळेल. दापोलीच्या कृषी विद्यापीठात मिळेल, मालवणच्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यासही तो हाताळता येईल.

मग अडते कोठे? उत्तर अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठात आहे. वीज कायदा २००३ आला, २००५ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे तुकडे होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या निराळ्या कंपन्या झाल्या आणि सर्वांचा हिशेब नियामक आयोगाच्या सूत्राने मांडला जाऊ लागला. या सूत्रात भांडवली खर्च आणि देखभालीचा खर्च यांना सारखी वागणूक नाही. भांडवली खर्च मंजूर झाला की त्यातील भागभांडवली हिश्श्यावर निश्चित परतावा मिळतो; केंद्रीय आयोगाच्या २०१९ च्या नियमावलीत पारेषणासाठी तो १५.५० टक्के होता. देखभालीवर परतावा नाही. तेथे ठराविक मानकाइतकी रक्कम मिळते आणि खर्च त्याहून वाढला तर तो कंपनीच्या अंगावर येतो. डिस्क उतरवून धुणे, पाणी तपासणे, नोंद ठेवणे, मे महिन्यात गँग लावून वाट्या पुसून घेणे हे सारे देखभालीत मोडते. सबंध जिल्ह्यातले इन्सुलेटर बदलण्याची योजना भांडवलीत मोडते. कंपनी सरकारी असो वा खासगी, या सूत्राचा ओढा एकाच दिशेला आहे: मोजू नका, खरेदी करा. खरेदीत निविदा असते, ठेकेदार असतो, उद्घाटन असते. कापसाने पुसलेल्या डिस्कचे उद्घाटन करता येत नाही.

पॉलिमरच्या रोधकांना विरोध करण्याचे कारण नाही. सिलिकॉन रबराच्या पृष्ठभागावर पाण्याचा सलग थर न होता थेंब होतात आणि हा गुण तो वर बसलेल्या मळासही काही काळाने देतो. खाऱ्या हवेत ही फार उपयोगाची गोष्ट आहे. पण तेही म्हातारे होतात, सततच्या तुषारांत त्यांचा हा गुण काही काळ हरपतो. जेथे मीठ अतिभारी आहे तेथे ते आधी लागले पाहिजेत आणि जेथे हलके आहे तेथे तो पैसा वाया जातो. कोठे काय आहे हे आकड्यावाचून ठरवणार कसे? न मोजता केलेली खरेदीसुद्धा शेवटी दरवाढीच्या प्रस्तावात येते आणि गावातल्या दोन दिव्यांच्या घरापर्यंत पोचते.

दुसरी सोय याहून सूक्ष्म आहे. वीज कायद्याच्या ५७व्या कलमान्वये सेवेची मानके ठरतात व ती पाळली नाहीत तर ग्राहकास भरपाई देय होते. मात्र पूर, चक्रीवादळ यांसारख्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीत ती माफ असते. पारेषणातही वाहिनी किती काळ उपलब्ध होती यावर कंपनीचे उत्पन्न ठरते आणि दैवी आपत्तीने गेलेला काळ त्या हिशेबातून वगळता येतो. ही सवलत न्याय्यच आहे. ‘निसर्ग’च्या रात्री कोणी कंपनीस दंड करू म्हणणार नाही. पण सात महिने रोज दुपारी एकाच दिशेने येणारे वारे ही आपत्ती नव्हे, ते हवामान आहे. जोवर मिठाची नोंद नाही तोवर जूनच्या पहिल्या आठवड्यातला प्रत्येक बिघाड ‘पावसाच्या’ खात्यावर टाकता येतो. एप्रिलच्या नोंदीत ०.१२ असा आकडा लिहिलेला असेल तर तोच बिघाड ‘धुलाई न केल्याच्या’ खात्यावर जातो. वितरण कंपन्यांना पुरवठा किती वेळा व किती मिनिटे खंडित झाला याचे निर्देशांक प्रसिद्ध करावे लागतात. कशामुळे, हे त्या निर्देशांकात नसते.

याच किनाऱ्यावर, शिरोड्यास, १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. त्या काळी मिठागरातले मीठ सरकार काटेकोर तोलून घेत असे, कारण त्यावर कर होता. वसुलीसाठी मीठ तोलणारी राज्यव्यवस्था आणि सेवेसाठी मीठ मोजण्यास नाखूश असलेली राज्यव्यवस्था यांच्यामधले साम्य इतिहासाच्या अभ्यासकांनी पाहावे.

या सगळ्यात ज्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो तो वायरमन. फीडर गेला की रात्री शोधास निघतो तो हाच. ओल्या रात्री, कोणत्या खांबावरचा इन्सुलेटर तडकला हे बॅटरीच्या उजेडात पाहत तो मैलोगणती फिरतो. फ्लॅशओव्हरने चिनी माती फुटली असेल तर लोखंडी आडव्या पट्टीत, कधी खांबातही, वीज उतरलेली असू शकते. परमिट घेतलेले असते, पण शेजारच्या वाहिनीतून वा कोणाच्या जनित्रातून उलटा प्रवाह येणार नाही याची हमी कागदावर नसते, ती डिस्चार्ज रॉड लावल्यावरच मिळते. आणि एकट्या माणसास, घाईत, फोन वाजत असताना, ते दर वेळी जमतेच असे नाही. हे काम आता अनेक ठिकाणी कंत्राटी कामगारांकडून करून घेतले जाते. दुर्घटना घडली की चौकशीत ‘सुरक्षा साधनांचा वापर केला नाही’ असा शेरा बसतो. मे महिन्यात दिवसाउजेडी, ठरवून शटडाउन घेऊन, चौघांच्या गँगने केलेले धुलाईचे काम आणि जूनच्या रात्री एकट्याने केलेला शोध यांत जिवाच्या जोखमीचे जे अंतर आहे तेच त्या दोन ग्रॅम मिठाच्या मोजणीचे खरे मोल आहे. दर युनिटच्या हिशेबात ते कोठेही बसत नाही.

अंधाराची किंमतही सर्वांना सारखी पडत नाही. मोठ्या हॉटेलास जनित्र असते. बर्फाचा कारखाना बंद पडला की मच्छीमाराची मासळी मातीमोल भावाने जाते; नळयोजनेचा पंप थांबला की हंडे घेऊन विहिरीवर बाया जातात; आणि विजेवर चालणारी उपकेंद्रातली लसीची शीतपेटी रात्रभर बंद राहिली तर त्याची खबर कधी लागते, कधी लागतही नाही.

तेव्हा मागणी काय असावी? भूमिगत केबल सर्वत्र टाका, ही मागणी आकर्षक आहे, पण ती वाड्यावाड्यांपर्यंत पोचण्यास किती वर्षे लागतील हे सांगावयास नको. तोवरच्या मागणीला फारसा पैसाही लागत नाही. किनारपट्टीवरील प्रत्येक उपकेंद्रात नमुन्याची माळ टांगावी. तिची मोजणी पारेषण व वितरण कंपन्यांनी संयुक्तपणे करावी. आकडे उपकेंद्राच्या फाटकावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. मोजणी व धुलाई यांचा खर्च देखभालीच्या मानकाबाहेर, वेगळे शीर्षक देऊन मंजूर करावा, म्हणजे कंपनीस तो टाळण्यात लाभ उरणार नाही. आणि ज्या उपकेंद्राची नोंदच नाही त्यास आपत्तीची सवलत मागता येऊ नये. शेवटच्या दोन गोष्टी नियामक आयोगाच्या हातात आहेत. दरनिश्चितीच्या प्रस्तावावर आयोग हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तेथे दरवाढीविरुद्धच्या घोषणा दर वेळी होतात आणि त्या व्हाव्यातही. परंतु रत्नागिरी-सिंधुदुर्गातील एखाद्या कार्यकर्त्याने उभे राहून, अमुक उपकेंद्रात गेल्या एप्रिलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम मीठ होते, एवढेच विचारले तर व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांस घोषणांपेक्षा ते अधिक जड जाईल. कामगार संघटनांनीही हा प्रश्न सुरक्षेच्या मागण्यांत घालावयास हवा. त्यांच्या सभासदांना कोणता खांब चरचरतो हे कोणत्याही नकाशापेक्षा अधिक ठाऊक आहे.

वेळापत्रक निसर्गानेच आखून दिले आहे. ऑक्टोबरात पाऊस थांबला की माळ धुऊन टांगावयाची. पहिली डिस्क नोव्हेंबरअखेर उतरवावयाची, तिमाही जानेवारीअखेर, सहामाही एप्रिलअखेर. मेच्या पहिल्या आठवड्यात आकडा फलकावर लागला, तर मृगापर्यंत धुलाईसाठी चार आठवडे हातात राहतात.